टेप कुठे उभी आहे?

२०११ च्या फेब्रुवारीअखेर जीमेलच्या काही वापरकर्त्यांनी आपला मेलबॉक्स उघडला तर तो कोरा होता. वर्षानुवर्षांचे मेल गायब. गूगलने नंतर दिलेला आकडा होता एकूण वापरकर्त्यांच्या सुमारे ०.०२ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतो, पण ज्याचा मेलबॉक्स रिकामा झाला त्याचे शंभर टक्के गेलेले असतात. गूगल प्रत्येक मेलच्या अनेक प्रती वेगवेगळ्या डेटासेंटरांत ठेवत होतंच. पण यावेळी दोष साठवणुकीच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत होता आणि तो एकाहून अधिक प्रतींपर्यंत पोचला होता. शेवटी मेल परत आले ते मॅग्नेटिक टेपवरून. टेप वाचली, कारण ती कुठल्याही सर्व्हरला जोडलेली नव्हती.

हो, टेप. आपल्या आईबाबांच्या कॅसेटमध्ये असायची तीच जात. मी बॅकअप सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे ‘टेप अजून आहे?’ हा प्रश्न लग्नसमारंभातसुद्धा ऐकते. आहे. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या एलटीओ-९ जातीच्या एका कार्ट्रिजमध्ये १८ टेराबाइट मावतात आणि आत हजार मीटरहून लांब पट्टी असते. बँका, हवामान खाती, सिनेमावाले, क्लाउडवाले, सगळे आपला जुना माल तिच्यावर ठेवतात.

या टेपशी बोलायचं काम ऑपरेटिंग सिस्टिममधला एक छोटा तुकडा करतो, डिव्हाइस ड्रायव्हर. वरून प्रोग्राम म्हणतो, ‘पुढे तीन फाइली सोड’, ‘मागे जा’, ‘इथे खूण कर’. ड्रायव्हर ते यंत्राच्या भाषेत सांगतो. पण सांगण्याआधी त्याने विचारायला हवं की हे जे मागितलंय ते मागण्यासारखं आहे का? तीनऐवजी उणे तीन आलं तर? शून्य आलं तर? इंजिनिअरिंगला आम्हाला ‘इनपुट व्हॅलिडेट करा’ हे एका ओळीत शिकवलं होतं, व्हायवात विचारण्यापुरतं. टेपच्या ड्रायव्हरांचे जुने कोड वाचायला लागल्यावर कळलं की त्या एका ओळीला पन्नास-साठ वर्षांचा इतिहास आहे. आणि त्या सगळ्या काळात एक प्रश्न कधी नीट सुटला नाही.

तो प्रश्न समजायला टेप आणि डिस्क यांतला फरक बघावा लागेल. डिस्कला तुम्ही सांगता, ‘पाच हजार नंबरचा ब्लॉक आण.’ वाक्य स्वतःत पूर्ण आहे. टेपला सांगता, ‘तीन फाइली पुढे जा.’ कुठून पुढे? पीएमपीच्या कंडक्टरला ‘स्वारगेट द्या’ म्हणणं आणि ‘इथून दोन स्टॉप पुढचं द्या’ म्हणणं, यातला हा फरक. दुसरं वाक्य बरोबर की चूक, हे बस आत्ता कुठे आहे यावर ठरतं. त्यात टेपचा आणखी एक क्रूर नियम आहे. मध्येच कुठे लिहिलंत, तर त्या जागेपुढचं सगळं गेलं असं धरलं जातं. मधला एक ब्लॉक बदलून पुढचं तसंच ठेवणं ही सोय तिथे नाही. म्हणजे चुकीच्या जागी उभं राहून केलेला एक बिनचूक ‘लिही’ पुढची अख्खी टेप खाऊ शकतो.

पहिली तपासणी कोडमध्ये नव्हतीच, ती प्लास्टिकमध्ये होती. युनिव्हॅकच्या १९५१ च्या यंत्राची टेप चक्क धातूची होती. १९५२ मध्ये आयबीएमने ७०१ संगणकासोबत ७२६ हा ड्राइव्ह आणला तो प्लास्टिकच्या पट्टीचा, अर्धा इंच रुंद. पुढे अनेक वर्षं जी मोठी रिळं सगळीकडे दिसायची, दहा-साडेदहा इंच व्यासाची, २४०० फूट टेपची, त्यांच्या मागच्या बाजूला एक गोल खाच असायची. त्या खाचेत प्लास्टिकची कडी बसवली तरच ड्राइव्ह लिहू द्यायचा. कडी नाही तर लिहिणं नाही. ड्राइव्हमधली एक पिन कडी आहे की नाही हे चाचपायची. प्रोग्रामने काहीही मागू दे, कडी नसेल तर उत्तर नाही असंच येणार.

मला हा बेत फार शहाणपणाचा वाटतो. सुरक्षित असणं ही रिळाची नेहमीची अवस्था होती, आणि धोका पत्करायला कुणीतरी उठून कडी बसवावी लागायची. आपल्या घरच्या कॅसेटमध्ये याच्या उलट होतं. तिथे वरच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडल्यावर रेकॉर्डिंग बंद व्हायचं, आणि पुन्हा रेकॉर्ड करायचं तर त्या भोकावर चिकटपट्टी लावायची. ज्यांच्या बाबांनी तो तुकडा मोडला नाही, त्यांच्या घरी बारशाच्या आवाजावर कुणीतरी मॅचची कॉमेंट्री चढवलेली असते.

कडीने एकाच प्रश्नाचं उत्तर दिलं, लिहायचं की नाही. ‘किती’ आणि ‘कुठे’ हे प्रश्न उरलेच. १९६४ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० मध्ये ड्राइव्ह नकार देताना कारणही सांगू लागला. ‘काय झालं?’ असं विचारलं की तो काही बाइट परत पाठवायचा, आणि त्यातला अगदी पहिला बिट होता ‘कमांड नामंजूर’. न समजणारी कमांड आली किंवा कडी नसलेल्या रिळावर लिहायला सांगितलं की तो बिट पेटायचा.

मला जास्त मजा येते ती डेक कंपनीच्या टीएम-११ मध्ये. पीडीपी-११ या मिनीकॉम्प्युटरला जोडायचा हा टेप कंट्रोलर, आणि युनिक्सचे सुरुवातीचे टेप ड्रायव्हर याच्यासाठी लिहिले गेले. यात कमांडसाठी फक्त तीन बिट होते. तीन बिटांत आठ आकडे मावतात, आणि कमांडही बरोबर आठ होत्या. ड्राइव्ह ऑफलाइन कर, वाच, लिही, फाइलअखेरची खूण कर, पुढे सरक, मागे सरक, जास्त मोकळी जागा सोडून लिही, गुंडाळ. म्हणजे चुकीची कमांड देणं शक्यच नव्हतं! कुठलाही आकडा द्या, त्याला अर्थ आहेच. तरी त्या कंट्रोलरच्या स्टेटस रजिस्टरमध्ये ‘बेकायदा कमांड’ नावाचा एक बिट होता. कशासाठी? आधीचं काम संपलेलं नसताना नवं सांगितलं, किंवा लिहायला बंदी असलेल्या रिळावर लिहायला सांगितलं, किंवा ड्राइव्ह तयार नसताना हुकूम सोडला, तर. आकडा नेहमीच बरोबर होता, चुकायची ती वेळ. टेपबद्दलचं निम्मं शहाणपण मला त्या एका बिटात दिसतं.

युनिक्समध्ये आधी अशा कमांडा देण्याची वेगळी सोयच नव्हती. टेप म्हणजे एक फाइल. उघडा, वाचा, लिहा, बंद करा. बंद केली की ती आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते की नाही, हे फाइलच्या नावावरून ठरायचं, म्हणजे त्यामागच्या क्रमांकातल्या एका बिटावरून. ही प्रथा इतकी चिवट की आजच्या लिनक्सवरही ती आहे. ‘एसटी-शून्य’ या नावाने टेप उघडली तर काम संपल्यावर ती मागे गुंडाळली जाते, ‘एनएसटी-शून्य’ या नावाने उघडली तर आहे तिथे राहते. फरक एका अक्षराचा. सोमवारचा बॅकअप पहिल्या नावाने घेतला आणि मंगळवारचाही पहिल्याच नावाने घेतला, तर मंगळवार सोमवारच्या डोक्यावर बसतो. यात एकही पॅरामीटर चूक नाही. कुठलाही ड्रायव्हर हे अडवू शकत नाही, कारण काही जणांना नेमकं हेच हवं असतं.

१९७९ च्या सातव्या युनिक्समध्ये आयओसीटीएल नावाची एक खिडकी आली, यंत्राला वाचणं-लिहिणं सोडून बाकीचे हुकूम देण्यासाठी. ती मुळात टर्मिनलांसाठी होती. त्यामुळे न समजणारा हुकूम आला की उत्तर मिळायचं, ‘हा टाइपरायटर नाही.’ त्या चुकीचं नाव कोडमध्ये अजून तेच आहे. टेपला काही भलतं सांगा आणि ती म्हणते मी टाइपरायटर नाही. तक्रार तशी खरीच म्हणायची.

टेपसाठी या खिडकीचा नीट वापर बर्कलेच्या लोकांनी केला. त्यांनी दोन खाणी असलेलं एक छोटं स्ट्रक्चर ठरवलं, कुठली क्रिया आणि किती वेळा. क्रिया आठच, खुणेपासून ‘काही करू नको’पर्यंत. १९८६ च्या ४.३ बीएसडीमधला टीएम-११ चा ड्रायव्हर उघडला की या तपासणीची पद्धत स्पष्ट दिसते. क्रिया ओळखीची नसेल तर परत. क्रियेप्रमाणे संख्येचा अर्थ लावायचा. मग एक ओळ, जी माझ्या मते त्या फाइलमधली सर्वांत कामाची आहे. संख्या शून्य किंवा त्याहून कमी असेल तर परत.

शून्यसुद्धा का अडवायचं? कारण वरच्या बाजूला ‘एमटी’ नावाची आज्ञा होती, माणसाने टर्मिनलवर टाइप करायची. ती लिहिलेल्या संख्येचं अंकांत रूपांतर करायची, आणि उणे असेल तर तक्रार करायची. पण रूपांतर करणारं ते सी भाषेतलं जुनं फंक्शन अक्षरं दिली तरी कुरकुर करत नाही, गुपचूप शून्य परत देतं. म्हणजे कुणी ‘तीन’ हा आकडा लिहायच्या ऐवजी काहीतरी खरडलं, तर ते शून्य होऊन ‘एमटी’च्या चाळणीतून खाली पडायचं, आणि ड्रायव्हरच्या चाळणीत अडकायचं. दोन चाळण्यांच्या भोकांत फक्त एका आकड्याचा फरक होता, आणि तेवढ्याने भागायचं.

त्याच ड्रायव्हरमध्ये टेप उघडताना आणखी तीन तपासण्या होत्या. ड्राइव्ह ऑनलाइन नाही. कडी नाही. आणि तिसरी, टेपच्या मध्यावर घनता बदलता येणार नाही. घनता म्हणजे एका इंचात किती बाइट. तेव्हा ८०० किंवा १६००. दोन्ही आकडे वैध. पण १६०० हा आकडा टेपच्या सुरुवातीला बरोबर, आणि ८०० ने लिहिलेल्या टेपच्या मध्यावर चूक. आकडा तोच, ड्राइव्ह तोच, फक्त टेप वेगळ्या जागी उभी. टीएम-११ च्या त्या बिटाची गोष्ट इथे ड्रायव्हरच्या कोडमध्ये शब्दांत लिहिलेली आहे.

आता दुसरी बाजू. १९८६ मध्येच स्कझी या जोडणीचं पहिलं अमेरिकन मानक निघालं, आणि ड्राइव्हच्या पोटात स्वतःचा छोटा संगणक बसू लागला. तो पॅरामीटर स्वतः तपासायचा आणि ‘बेकायदा विनंती’ असं उत्तर द्यायचा. पुढच्या स्कझी-२ मध्ये तर कमांडच्या कितव्या बाइटमधला कितवा बिट चुकलाय हेही सांगायची सोय आली. मग प्रश्न असा की ड्राइव्ह एवढा हुशार झाल्यावर ड्रायव्हरने तपासायचं कशाला?

बर्कलेच्या शून्याकडे पुन्हा बघा. स्कझीत ‘शून्य खुणा कर’ या कमांडला अर्थ आहे. खूण करायची नाही, पण ड्राइव्हच्या बफरमध्ये जे अडकलंय ते टेपवर उतरव. बॅकअप घेणाऱ्याला हे फार हवं असतं. टीएम-११ साठी शून्य अडवणं बरोबर होतं. तोच नियम नव्या ड्राइव्हवर लावला असता तर एक चांगली सोय बंद पडली असती. ब्लॉकच्या आकाराचंही तसंच. तिथे शून्याचा अर्थ ‘आकार ठरलेला नाही, येईल तेवढा घे’ असा होतो. ब्लॉकचा आकार ही साधी गोष्ट नव्हे. जुन्या रिळांवर दोन ब्लॉकांमध्ये ०.६ इंच कोरी जागा सोडावी लागायची. ८०० च्या घनतेने ८० बाइटची एकेक नोंद लिहिली तर नोंद ०.१ इंचाची आणि पुढची मोकळी जागा तिच्या सहापट. म्हणजे रिळाचे सातातले सहा भाग नुसतीच हवा. म्हणून लोक ब्लॉक मोठे करत गेले, आणि किती मोठा चालेल हे ड्राइव्हगणिक बदलत गेलं.

यावर लिनक्सच्या स्कझी टेप ड्रायव्हरने काढलेला तोडगा मला आवडतो. हा ड्रायव्हर फिनलंडच्या काई मॅकिसारा यांनी १९९२ पासून सांभाळला, आधीच्या एका ड्रायव्हरवरून नव्याने लिहून. तो टेप उघडताना ड्राइव्हलाच विचारतो की तुझा लहानात लहान आणि मोठ्यात मोठा ब्लॉक केवढा. उत्तर लक्षात ठेवतो, आणि कुणी ब्लॉकचा आकार बदलायला आलं की त्या उत्तराशी ताडून बघतो. शून्याला सूट. शिवाय बफरमध्ये लिहायचं काही शिल्लक असेल तर आकार बदलू देतच नाही, मग तो आकडा कितीही बरोबर असो. मर्यादा कोडमध्ये ठोकून बसवलेली नाही, त्यामुळे ती म्हातारी होत नाही.

पण त्याच फाइलमध्ये थोडं वर एक जागा आहे, जिथे मी थबकले. पुढे-मागे सरकण्याच्या स्कझी कमांडमध्ये संख्येसाठी फक्त २४ बिट आहेत, आणि त्यातला एक चिन्हासाठी. म्हणजे जास्तीत जास्त ८३,८८,६०७. प्रोग्रामकडून येणारी संख्या मात्र ३२ बिटांची. मी वाचलेल्या कोडमध्ये ड्रायव्हर खालचे २४ बिट उचलून कमांडमध्ये भरतो, वरचे सोडून देतो. संख्या मावते का हे बघत नाही. आता हिशोब करा. ‘एक कोटी ब्लॉक पुढे जा’ असं सांगितलं. एक कोटी हे २४ बिटांत चिन्हासकट वाचलं की होतं उणे ६७,७७,२१६. उणे म्हणजे मागे. ड्राइव्हच्या दृष्टीने ही अगदी कायदेशीर कमांड आहे; तो आज्ञाधारकपणे जवळपास ६८ लाख ब्लॉक मागे जाईल. टेप सुरुवातीच्या जवळ असेल तर सुरुवातीला धडकून चूक परत येईल, आणि ते नशीब समजायचं. टेप बरीच पुढे असेल तर काम यशस्वी झाल्याचा निरोप येईल. त्यानंतरचा ‘लिही’ काय करेल ते वर आलंच आहे.

१९९२ मध्ये हा विचार कुणी केला नसेल तर त्याला दोष देता येत नाही. तेव्हाच्या टेपवर एवढे ब्लॉक मावतच नव्हते. बर्कलेच्या ड्रायव्हरमध्ये तर ‘अनंत’ म्हणून एक आकडा ठरवला होता, कधीच अस्तित्वात येणार नाही असा ब्लॉक क्रमांक. तो होता दहा लाख. आजच्या १८ टेराबाइटच्या टेपवर ६४ किलोबाइटचे ब्लॉक लिहिले तर सत्तावीस कोटींहून जास्त मावतात. बर्कलेचं अनंत आज टेपच्या पहिल्या चार मीटरांत संपेल. (तसं नाही, हे मलाही माहीत आहे. आजची टेप एका ओळीत लिहिली जात नाही, सापासारखी अनेकदा पुढे-मागे फिरत भरते. पण प्रमाण तेवढंच.) नंतरच्या मानकांत सरकण्याची ६४ बिटी कमांड आली, आणि शहाणं बॅकअप सॉफ्टवेअर मुळात इतक्या लांब उड्या अशा मारतच नाही. ते थेट ब्लॉकचा क्रमांक सांगणारी कमांड वापरतं. म्हणजे ‘दोन स्टॉप पुढचं’ सोडून ‘स्वारगेट’ म्हणायला शिकतं.

आकडा अडवण्यापेक्षा जागा विचारणं, ही समज ड्राइव्ह बनवणाऱ्यांनाही हळूहळू आली. अलीकडच्या ड्राइव्हांत एक अवस्था असते, ज्यात शेवटी भर घालता येते पण आधीच्या मजकुरावर लिहिता येत नाही. लिहायचंच असेल तर आधी वेगळी परवानगी मागावी लागते, आणि त्या परवानगीसोबत आपण टेपवर नेमके कुठे आहोत हे सांगावं लागतं. सांगितलेली जागा आणि टेपची खरी जागा जुळली नाही तर ड्राइव्ह नाही म्हणतो. प्लास्टिकच्या कडीनंतर मला आवडलेली ही दुसरी तपासणी.

पण टेप कुठे आहे हे ड्रायव्हरलाच माहीत नसेल तर? असं होतं. एकाच वायरीवरच्या दुसऱ्या उपकरणाने गोंधळ घातला, किंवा ड्राइव्हची वीज क्षणभर गेली, की ड्राइव्ह रीसेट होतो आणि बहुतेक वेळा टेप गुंडाळून सुरुवातीला येतो. प्रोग्रामला मात्र वाटत असतं की आपण मध्यावर आहोत आणि पुढचा तुकडा लिहायचाय. तो तुकडा मग टेपच्या पहिल्या इंचावर पडणार, आणि बाकी सगळं गेलं. लिनक्सचा ड्रायव्हर इथे फार कडक होतो. रीसेट झाल्याचं कळलं की तो दार लावून घेतो. वाचणं बंद, लिहिणं बंद, पुढे-मागे सरकणंही बंद. आत येऊ देतो फक्त अशा मोजक्या कमांडांना, ज्यांच्यानंतर टेप कुठे असेल याबद्दल शंका उरत नाही. गुंडाळ, बाहेर काढ, ताण काढून परत गुंडाळ, पूर्ण पूस, अमक्या ब्लॉकवर जा, लिहिलेल्याच्या शेवटी जा.

‘पूर्ण पूस’ला आत सोडणारा पहारेकरी ‘एक पाऊल पुढे’ला अडवतो, हे पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटतं. पण पुसणाऱ्याने निदान काय मागितलंय ते त्याला माहीत आहे.

ही यादी अजून पूर्ण झालेली नाही. ड्रायव्हर पहिल्यांदा लिहिल्यानंतर तीस वर्षं उलटून गेल्यावर, २०२५ च्या सुरुवातीला, मॅकिसारा यांच्याच एका पॅचने रीसेटनंतर चालणाऱ्या हुकमांत आणखी दोन घातले. एक होता ‘टेप आत घे’. दुसरा होता ड्राइव्हला नुसती त्याची स्थिती विचारायचा.